अतिथी कोण?

परदेशी पर्यटक वाढावेत म्हणून केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने 2002 साली ‘अतुल्य भारत’ मोहीम काढली. 2005 मध्ये तिला ‘अतिथी देवो भव’ची जोड दिली. वचन तैत्तिरीय उपनिषदातले. ज्यांना ते ऐकण्याचीही बंदी होती, त्यांचे पाहुणे कधी देव ठरले नाहीत, हे जाहिरात लिहिणाऱ्याला सुचणार तरी कसे?

दरवर्षी 1 जानेवारीला कुणी दौंडला गाडीतून उतरून, कुणी शिरूरच्या रस्त्याने, माणसे भीमेकाठी पेरणे येथील विजयस्तंभाला येतात. 1927 साली बाबासाहेबही आले होते. 2018 मध्ये त्याच दिवशी कोरेगाव-सणसवाडी परिसरात या वाटसरूंवर दगडफेक झाली. तेही लांबून आलेले पाहुणेच. पण परकीय चलन मोजणारी योजना त्यांना कोणत्या रकान्यात घालते? बहुधा बंदोबस्ताच्या.