विजापूरची जामी मशीद

वरवे बुद्रुकाहून विजापुरास निघालेला प्रवासी कोऱ्या मनाने निघत नाही. राजगड-तोरण्याच्या कथा ऐकत जो वाढला, तो आदिलशाहीच्या राजधानीत पाऊल ठेवताना जुना खटला बरोबर घेऊनच जातो. आम्हीही तसेच गेलो. परंतु फिर्यादी होऊन आलेल्यास इमारत दिसत नाही, प्रतिपक्ष तेवढा दिसतो, ही गोष्ट जामी मशिदीच्या अंगणात उभे राहिल्यावर आमच्या ध्यानी आली.

आपल्याकडील बहुतेक प्रवासी गोल घुमट पाहून तृप्त होतात. त्याचा आतील व्यास सुमारे १२४ फूट. सज्जात उभे राहून हाक मारावी, ती अनेकवार परत यावी, आणि मुलांनी टाळ्या पिटाव्या! चमत्कार खरा, पण चमत्कार निराळा व सौंदर्य निराळे. १६५६ साली निवर्तलेल्या महंमद आदिलशहाची ती कबर प्रेक्षकास दिपविते. पहिल्या अली आदिलशहाने १५७६ च्या सुमारास आरंभिलेली ही मशीद त्यास शांत करते. दोहोंत श्रेष्ठ कोणती असे कोणी पुसल्यास आम्ही मशिदीकडेच बोट दाखवू.

याचे कारण सांगितले पाहिजे. प्रार्थनागृह रुंदीस नऊ व खोलीस पाच अशा ४५ चौकांचे आहे. मधल्या नऊ चौकांतील चार खांब गाळून, एकमेकींस छेदणाऱ्या कमानींवर मुख्य घुमट तोलला आहे. हीच युक्ती पुढे गोल घुमटात प्रचंड प्रमाणावर योजिली गेली. पण तेथे ती आपले बळ दाखविते, येथे ते झाकते. खांब साधे, भिंती निराभरण. दर्शनी कमानींत मधली तेवढी पाकळीदार. मनास भारून टाकते ती केवळ प्रमाणबद्धता.

दोष नाहीत असे नव्हे. महंमद आदिलशहाच्या काळी, १६३६ मध्ये, मेहराबीस चढविलेला सोन्याचा व रंगांचा साज, त्यातील चितारलेले कोनाडे, ग्रंथ व फुलदाण्या, स्वतंत्रपणे मोहक असला तरी भोवतालच्या संयमाशी त्याचे जुळत नाही. अंगणाच्या पूर्व टोकांस योजिलेले मिनारही कधी पुरे झाले नाहीत. १६८६ साली राज्यच बुडाले. जमिनीवर नमाजासाठी आखलेले सव्वादोन हजारांवर चौकोन औरंगजेबाच्या वेळचे म्हणून दाखवितात.

येथे आजही नमाज होतो. म्हणून तेथे प्रेक्षकाने पाहुण्याच्या मर्यादेने वागावे. जोडे काढून आम्ही आत गेलो, तेव्हा एका खांबाशी एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून बसले होते. आमच्यातील बोलणे आपोआप थांबले. गोल घुमटात ओरडून पाहण्याचा मोह होतो. येथे आवाज काढण्याचीच लाज वाटते. इमारतीच्या थोरवीची याहून चांगली परीक्षा आम्हांस ठाऊक नाही.

इतिहास विसरावा, असे आमचे म्हणणे नाही. पण तो पुरता आठवावा. शहाजीराजे याच दरबारचे सरदार होते. आणि मराठेशाहीतील देवळांच्या घुमटांत व वाड्यांच्या महिरपींत दख्खनी सुलतानांच्या गवंड्यांचे शिक्षण उतरले आहे. राज्याशी वैर करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी त्याच्या कारागिरीशी वैर केले नाही. त्यांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्यांची ही रसिकताही बाळगावी. परतल्यावर गावाकडील देवळाची कमान आम्ही पुन्हा पाहिली. ती पूर्वीइतकीच आपली वाटली, मात्र आता तिची भावकी अधिक मोठी झाली होती.