संहिता, चाल आणि समूह

धार्मिक गीताचा विचार करताना मराठी समीक्षा बहुधा शब्दसंहितेपाशी थांबते. चाल ही तिला प्रयोगाची, म्हणजेच साहित्यबाह्य बाब वाटते. जुन्या लूथरपंथी स्तोत्रांना वाद्यांच्या साथीविना गाणाऱ्या वृंदासाठी वेळोवेळी मिळालेल्या नव्या स्वररचना पाहिल्या, की ही विभागणी टिकत नाही.

योहान वाल्टरने १५२४ मध्ये ल्यूथरच्या स्तोत्रांच्या बहुस्वरी रचना प्रसिद्ध केल्या, तेव्हा मूळ चाल बहुधा टेनर या मधल्या आवाजात असे आणि भोवतीच्या आवाजांत ती गुंफली जाई. १५८६ मध्ये लुकास ओसियांडरने ती सर्वांत वरच्या आवाजाकडे सोपवली आणि इतर आवाजांना तिच्याबरोबरच शब्दोच्चार करावयास लावला. उपासकांना वृंदासह गाता यावे, हा त्यामागील हेतू. शब्दकळा तीच राहिली. तिच्यावरचा अधिकार मात्र वृंदाकडून समूहाकडे सरकला. उलट, योहान फ्रांकच्या स्तोत्रावर आधारलेल्या 'येझू, माइने फ्रॉइडऽ' या मोटेटमध्ये बाख तिसऱ्या कडव्याशी परिचित चाल मोडतो आणि त्यातील आव्हानाचा शब्द निरनिराळ्या आवाजांतून पुनःपुन्हा उसळवतो. सवयीने गुळगुळीत झालेला शब्द येथे पुन्हा धारदार होतो. नवी रचना हे संहितेचे अर्थनिर्णयनच असते.

हा प्रश्न मराठीला परका नाही. जर्मन स्तोत्रपद्य शब्दाघातावर उभे आहे. मराठीत आघाताला तसे अर्थनिर्णायक स्थान नाही. म्हणून पाश्चात्त्य चालीत बसवलेल्या मराठी गीतात जोर एखाद्या प्रत्ययावर पडतो आणि मुख्य शब्द निसटतो. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग, ओवी, पद यांचा स्वीकार केला, त्याचे महत्त्व केवळ 'देशीकरण' या शब्दाने सांगून संपत नाही. अकोला-अमरावतीकडील अलायन्स मिशनच्या मंडळ्या लूथरपंथी नव्हेत. परंतु मराठी उपासनागीताच्या या वारशात त्याही सहभागी आहेत. शिवाय वऱ्हाडचा कान तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर आणि गुरुकुंज मोझरीच्या सामुदायिक प्रार्थनेवर घडलेला आहे. तेथे श्रोता आणि गायक यांत भिंत नाही.

अशा ठिकाणी टिळकांच्या अभंगाला वाद्यविरहित वृंदरचना द्यावयाची झाल्यास कसोटी छंदापासूनच सुरू होते. अक्षरछंदात लघुगुरूचे बंधन नाही. कोणतेही अक्षर लांबविता येते. त्यामुळे अभंग नवी चाल सहज स्वीकारतो. पण मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांच्या तीन चरणांनंतर चारच अक्षरांचा चरण येतो. तेथे उरणारा अवकाश भजनात टाळ-मृदंग भरून काढतात आणि त्या अवकाशातच समूह ध्रुपद उचलण्यासाठी श्वास घेतो. वाद्ये काढून घेतली की तो अवकाश उघडा पडतो. रचनाकार तो स्वरमेळाने बुजवून टाकतो, मौन म्हणून राखतो की समूहाच्या प्रतिसादासाठी मोकळा ठेवतो, यावर अभंग अभंग राहणार की केवळ गीताची शब्दावली होणार, हे ठरते.

वृंद गाऊ लागला की मंडळी मूक होते, हा आक्षेप म्हणूनच गंभीर आहे. मात्र त्याचे उत्तर जुनी चाल गोठविण्यात नाही. सवयीची चाल शब्दाला जपते तशी झाकतेही. नव्या रचनेने शब्द पुन्हा ऐकू आणावा आणि मग तो समूहाच्या तोंडी परत द्यावा. ओसियांडर आणि बाख यांनी वेगवेगळ्या टोकांनी केलेली ही दोन कार्ये एकाच रचनेत साधतात का, हे तपासणे समीक्षेचे काम आहे. त्यासाठी तिला चालीचेही वाचन करावे लागेल.