बोनेटवरचा तारा आणि मागची फळी

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणात एक जीप उभी होती. फौजी हिरवा रंग, पुढे सात फटींची जाळी, बोनेटवर पांढरा पाचटोकी तारा. मी फोटो टाकला आणि फराळ संपेपर्यंत फोन वाजत राहिला. 'भावा, कडक', 'विकतोस का', 'अशीच मिळेल का कुठं'. अण्णा शेतातून आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या बाजूला जाऊन थांबले आणि म्हणाले, "फळी कुठंय रं?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. हे लिखाण म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. पुस्तकाचं परीक्षण लिहितात तसं मी एका रिस्टोअर केलेल्या जीपचं परीक्षण लिहितोय. अडचण एकच आहे, या आवृत्तीचा संपादक मी आहे. पैसे माझे, हट्ट माझा, आणि चुकाही बऱ्याचशा माझ्याच.

आधीची आवृत्ती

गाडी १९७४ची, महिंद्राची सीजे-३बी. सरकारी खात्यात आयुष्याची पहिली काही वर्षं काढून ती लिलावात निघाली, तेव्हा आबांनी घेतली. आमचं गाव अंबडपासून अकरा किलोमीटरवर. एसटी दिवसातून दोनदा यायची, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की दोनदाही नाही. आबांनी आणि पुढे अण्णांनी ही गाडी गाव ते अंबड अशी चालवली. पेट्रोल परवडेना म्हणून मूळ इंजिन काढून भंगारातल्या मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. रंग काळा-पिवळा केला. मागचा फाळका काढून तिथे लोखंडी चौकट वेल्ड केली आणि तिच्यावर एक जाड फळी टाकली. ड्रायव्हर धरून पुढे चार, मागच्या दोन बाकांवर आठ, फळीवर पाय खाली सोडून तीन. एकूण पंधरा. टपावर मोसंबीच्या जाळ्या, दुधाच्या कॅना, कधी एखादी शेळी.

२००९पर्यंत आमचं घर या गाडीवर चाललं. माझ्या शाळेच्या फिया, ताईचं लग्न, विहिरीवरची मोटर. मग मोठ्या कमांडर आणि ट्रॅक्स गाड्यांपुढे तिचा टिकाव लागेना, आणि ती लिंबाखाली जाऊन उभी राहिली. तेरा वर्षं तिच्यात कोंबड्या बसत होत्या.

ही गाडी मुळात काय आहे

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी म्हणून काढली. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. १९५३मध्ये सीजे-३बी आली. तिचं बोनेट आधीच्या जीपांपेक्षा उंच दिसतं, त्याचं कारण सौंदर्य नव्हे. 'हरिकेन' नावाच्या नव्या २.२ लिटर इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले होते, त्यामुळे इंजिनच उंच झालं. ते झाकायला बोनेट उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८मध्ये बंद पडलं. आपल्याकडे ते त्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिलं.

ते आपल्याकडे आलं कसं, हीसुद्धा गंमत आहे. १९४५मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८मध्ये कंपनीच्या नावात दोनदा महिंद्रा आलं. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांपासून जीप जोडायला सुरुवात झाली. पुढे ती गटविकास अधिकाऱ्याची गाडी झाली, आरोग्य केंद्राची झाली, निवडणुकीच्या कर्ण्याची झाली. मराठीत तर 'जीप' हे एका गाडीचं नाव राहिलंच नाही. ट्रॅक्सलाही आई जीपच म्हणते.

नव्या आवृत्तीत काय चांगलं आहे

आधी श्रेय देतो. जालन्याच्या ज्या डेंटरने पत्र्याचं काम केलं, त्याचा हात सोन्याचा आहे. गंजून चाळणी झालेला खालचा पत्रा त्याने कापून नवा बसवला, आणि जोड कुठे आहे ते बोटाने चाचपूनही कळत नाही. हरिकेन इंजिन आम्ही मंडी डबवालीहून मागवलं. हरियाणातलं हे गाव जुन्या जीपांसाठी प्रसिद्ध आहे. इंजिन सुरू झाल्यावर जो आवाज येतो, त्यासाठी मी दोन महिन्यांचा पगार पुन्हा देईन. तीन लिव्हर आहेत: एक गिअरचा, एक पुढची चाकं जोडायचा, एक ताकद वाढवायचा. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो. ही गाडी तुम्हाला चालवणं शिकायला लावते. सगळं स्क्रीनवर करणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचं अप्रूप वाटणारच.

आणि काय खोटं आहे

पहिली गोष्ट, तो तारा. पांढरा तारा ही महायुद्धातल्या अमेरिकन सैन्याची खूण. युद्ध १९४५ला संपलं, हे उंच बोनेट १९५३ला जन्मलं. युद्धातल्या जीपच्या जाळीला नऊ फटी असायच्या, हिला सात आहेत. म्हणजे आमची जीप अशा युद्धाची निशाणी कपाळावर घेऊन उभी आहे, जे तिच्या घराण्याच्या या पिढीने पाहिलेलंच नाही. एवढीच फौजी ओढ होती, तर आपलं स्वतःचं काही कमी नव्हतं. सप्टेंबर १९६५मध्ये खेमकरण भागात हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं. तारा लावताना हे मला आठवलं नाही. मला हॉलिवूड आठवलं.

दुसरी गोष्ट 'ओरिजिनल' या शब्दाची. जीपवेड्या मंडळींत हा शब्द देवासारखा चालतो. कायदाही त्याच्याच बाजूने आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी 'व्हीए' मालिकेची नोंदणी मिळू शकते. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये मखमलीखाली राहिलेल्या मोटारीसाठी हा नियम ठीक आहे. पण मराठवाड्यातली कुठली जीप मूळ रूपात राहिली असेल? जी राहिली ती बहुधा वापरलीच गेली नाही. इथे गाडीचा इतिहास म्हणजेच तिच्यातले बदल. डिझेल इंजिन हा डाग नव्हता, तो आमच्या घराचा अर्थसंकल्प होता. मी तो काढून टाकला आणि त्याला शुद्धीकरण म्हटलं.

रंग खरवडायचं काम मी हट्टाने स्वतः केलं होतं. बोनेटवर पॉलिश पेपर घासत गेलो तसे थर उलगडत गेले. वर काळा, त्याखाली पिवळ्याचे दोन हात, त्याखाली पांढरा, सगळ्यात खाली कारखान्यातला करडा प्रायमर. माझ्या कामात कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणी, कधी, कशासाठी केला. ती नोंद पुसून सगळं जणू एकाच दिवशी लिहिलं असं दाखवणाऱ्या पोराला आम्ही टीममध्ये झापतो. आणि इथे मी चाळीस वर्षांच्या नोंदी एका रविवारी दुपारी घासून काढल्या, वर त्याचा टाइमलॅप्सही केला.

फळीची दुसरी बाजू

आता तुम्ही म्हणाल, मग काय काळी-पिवळीच ठेवायची होती? इथे मी अडखळतो. कारण ती फळी काही गोड आठवण नाही. मी दुसरीत होतो तेव्हा एका खड्ड्यात गाडी उसळली आणि फळीवर बसलेली एक बाई खाली पडली. तिचा पाय मोडला. दवाखान्याचा खर्च अण्णांनी केला, आणि महिनाभर गाडी काढली नाही. मग काढली. फळीही तशीच राहिली, कारण त्या तीन सीटांवरच दिवसाची कमाई उरायची. पंधरा माणसं कोंबणं चूक होतं, हे अण्णांना माहीत होतं. एसटी येत नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

म्हणून मला वाटतं, माझ्या रिस्टोरेशनमधली खरी चूक रंगाची किंवा इंजिनाची नाही. मला अशी गाडी हवी होती जिचा भूतकाळ सांगताना मान खाली घालावी लागणार नाही. युद्ध, शौर्य, साहस, हे सांगायला बरं असतं. आपले वडील बिनपरवाना माणसं वाहायचे, हे ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगायला बरं नसतं. तारा मी तिथे लावला, जिथे मला लाज वाटत होती.

वारसा म्हणून काय मिरवायचं याचं भांडण कंपन्यांतही झालं आहे. महिंद्राने अमेरिकेत 'रॉक्सर' नावाची शेतावर वापरायची गाडी काढली, तेव्हा २०१८मध्ये जीपची मालकी असलेल्या फियाट क्रायस्लरने तिथल्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली, की हिचं रूप आमच्या जीपचं आहे. २०२०मध्ये आयोगाने तक्रार उचलून धरली, आणि महिंद्राला गाडीचा चेहरा बदलावा लागला. ज्या देशाने ते रूप अर्ध्या शतकाहून जास्त काळ चालवलं, दुरुस्त केलं, ओढलं, त्याच्याकडे त्या रूपाची मालकी नाही. कागदावर हे बरोबरच असेल. पण म्हणूनच आपल्याकडे जे खरोखर आपलं आहे, म्हणजे वापर, ते पुसणं मला आता जास्त बोचतं. २०१०मध्ये थार आली, २०२०मध्ये नवी थार आली, आणि रीलमध्ये ती नदीपात्रातून पाणी उडवत जाते. छान दिसते. पण जालन्यात फोर-व्हीलचा लिव्हर ज्यांनी रोज ओढला त्यांनी तो साहसासाठी ओढला नव्हता. चिखलातून बाळंतीण अंबडला पोचवायची होती.

उत्तर

फळी कुठंय? अण्णांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. डेंटरने ती चौकट गॅस कटरने कापली, आणि भंगारवाल्याने वजनावर नेली. जालन्यात भंगाराचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एमआयडीसीतल्या भट्ट्यांत ते वितळतं आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडतं. ती चौकट एव्हाना कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असेल. अण्णा "हं" म्हणाले.

पाडव्याला मी थिनर आणि फडकं घेऊन तारा पुसला. खालचा हिरवा रंगही थोडा गेला, तिथे डाग पडलाय. बोनेटच्या आतल्या बाजूला रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता. तिथे वीतभर काळा-पिवळा अजून आहे, तो तसाच ठेवणार आहे. डिझेल इंजिन शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. ते परत बसवायचं का, यावर आमच्यात वाद चालू आहे, आणि अण्णा चक्क पेट्रोलच्या बाजूने आहेत. आवाज चांगला आहे म्हणतात.

फळीबद्दल ते काही बोलले नाहीत. पण मी पुण्याला निघताना त्यांनी खताच्या पावतीच्या मागे काढलेलं एक चित्र माझ्या हातात दिलं. साडेतीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दोन्ही कडांना धरायला कठडा. कठडा आधी नव्हता.