आधी ‘शाळा’, मग ‘फँड्री’

एका संध्याकाळी दोन चित्रपट लागोपाठ पाहायचे ठरले की जोडी लावताना सहसा सोपी वाट धरली जाते. एकाच दिग्दर्शकाचे दोन, एकाच नटाचे दोन, नाहीतर एकाच विषयावरचे दोन. त्यातही आनंद असतो. पण काही जोड्यांमध्ये याहून मोठं काहीतरी घडतं. पहिला चित्रपट आपल्याला एका विशिष्ट मनःस्थितीत आणून सोडतो आणि दुसरा नेमका त्या मनःस्थितीशी बोलायला लागतो. दुसरा संपल्यावर पहिला पुन्हा आठवावा लागतो, आणि तो आधीपेक्षा वेगळा दिसतो. मराठीत अशी एक जोडी आहे: सुजय डहाके यांचा ‘शाळा’ आणि नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’.

दोन्हींत शाळेत जाणारा एक मुलगा आहे आणि त्याला वर्गातली एक मुलगी आवडते. दोन्ही दिग्दर्शकांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. निर्माते नीलेश नवलाखा दोन्हींशी जोडलेले आणि पार्श्वसंगीतही दोन्हींचं अलोकनंदा दासगुप्ता यांचं. ‘शाळा’ जानेवारी २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आला, ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी. दोन्ही साधारण पावणेदोन तासांचे. मध्ये जेवण उरकून घेतलं तर एका संध्याकाळीत आरामात बसतात. मात्र क्रम उलटा करू नये. का, ते चित्रपटांतच दडलेलं आहे.

‘शाळा’ मिलिंद बोकील यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर बेतलेला आहे. काळ आणीबाणीचा, नायक नववीतला मुकुंद जोशी. कथा सांगायला गेलं तर दोन ओळींत संपते: जोशीला शिरोडकर आवडते, तिलाही तो आवडत असावा असं वाटू लागतं, आणि सगळं स्पष्ट होतंय न होतंय तोच वर्ष संपतं. या चित्रपटाचं सगळं सौंदर्य घटनांपेक्षा पाहण्यात आहे. जोशी शिरोडकरकडे पाहतो. वर्गात, रस्त्यात, क्लासला जाता-येता. ती पाहतेय का हे पाहतो. तिने पाहिलं की नजर वळवतो, आणि वळवली याची हळहळ त्याला पुढे कितीतरी वेळ पुरते. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांचा अभिनय या देवाणघेवाणीवर उभा आहे. ती प्रौढांच्या प्रेमाची नक्कल करत नाहीत. चेहऱ्यावर आलेलं हसू दाबायचं कसं एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे असतो, आणि तो प्रश्न ती दोघं प्रत्येक प्रसंगात नव्याने सोडवतात.

हे पाहणं शक्य होतं, कारण त्याला जागा आहे. मुकुंद आणि त्याचे मित्र सुऱ्या, चित्रे, फावड्या अर्धवट बांधलेल्या एका इमारतीत जाऊन बसतात. तिथे मोठ्यांचं कुणी येत नाही. कोण कुणाला लाइन देतं याचा हिशेब तिथे होतो, शिव्या तिथे दिल्या जातात, धीर तिथे गोळा केला जातो. घरी नरूमामा आहे. जितेंद्र जोशी यांनी रंगवलेला हा मामा भाच्याला प्रेमाबद्दल विचारू देतो आणि उत्तर देताना त्याला लहान समजत नाही. दिएगो रोमेरो यांचा कॅमेरा या जगावर मऊ, किंचित धूसर उजेड ठेवतो. आपण पाहतोय ते कुणीतरी खूप नंतर आठवून पाहतंय, अशी भावना त्या उजेडातून तयार होते.

तरीही ‘शाळा’ला केवळ गोड आठवणींचा चित्रपट म्हणणं अन्याय होईल. आणीबाणी त्यात वर्गाबाहेर उभी आहे, पण तिची सावली आत पडते. मोठी माणसं आवाज खाली करून बोलतात, शिस्त हा शब्द वरचेवर कानावर येतो. सुऱ्याचं केवडा या मुलीबाबतचं प्रकरण शिक्षकांपर्यंत पोहोचतं, तेव्हा मुलांच्या मनातल्या गोष्टीची चौकशी सुरू होते आणि जे सुंदर होतं ते एकाएकी गुन्ह्यासारखं दिसू लागतं. शेवटी शिरोडकर गाव सोडून निघून जाते. कुणी खलनायक नाही, कुणी मुद्दाम तोडलेलं नाही. मोठ्यांच्या जगात घडलेल्या एका साध्या गोष्टीने मुलाचं एक जग मिटतं. ही हानी खरी आहे आणि चित्रपट ती पूर्ण गांभीर्याने मांडतो. पाहणाऱ्याच्या मनात आपापली नववी जागी होते. आपल्यालाही अशी एक इमारत होती, असं एक आडनाव होतं, असं वाटत राहतं. याच मनाने पुढच्या चित्रपटासमोर बसायचं.

‘फँड्री’ची जाहिरात झाली तीही प्रेमकथेच्या अंगाने. अजय-अतुल यांचं जे गाणं त्या दिवसांत घराघरात वाजत होतं ते केवळ प्रसिद्धीसाठी केलेलं होतं, चित्रपटात ते नाही. प्रदर्शनाचा दिवसही व्हॅलेंटाइन डे. प्रेक्षक एक कोवळी गोष्ट पाहायला येणार हे गृहीत धरूनच चित्रपट त्याच्यासमोर आला. आणि सुरुवातीला ती गोष्ट तो देतोही. जब्या, म्हणजे जांबुवंत कचरू माने, आपला मित्र पिऱ्या याच्याबरोबर गलोल घेऊन बाभळींच्या रानात काळी चिमणी शोधत फिरतो. तिची राख वर्गातल्या शालूवर टाकली की शालू वश होईल, असा त्याचा विश्वास. सोमनाथ अवघडे या मुलाने त्याआधी कॅमेऱ्यासमोर काम केलेलं नव्हतं, आणि या भूमिकेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चिमणीमागे धावताना त्याच्या डोळ्यांत जी चमक आहे ती मुकुंद जोशीच्या डोळ्यांतलीच आहे.

फरक दिसू लागतो तो बारीकसारीक तपशिलांत. नववीतल्या जोशीला प्रेमाबद्दल प्रश्न पडला तर विचारायला मामा आहे. जब्याजवळ चंक्या आहे. नागराज मंजुळे यांनी स्वतः केलेला हा सायकलच्या दुकानातला माणूस त्याला आपुलकी देतो, पण त्याच्याकडे देण्यासारखं आहे ते चिमणीच्या राखेचं ज्ञान. सरळ बोलण्याची वाट बंद असलेल्या मुलाला जादूच जवळची वाटणार. जोशी शिरोडकरशी काय बोलावं याचा विचार करतो. जब्या शालूला चिठ्ठी लिहितो, पण त्या दोघांत संभाषण असं होतच नाही. जोशीला आपण दिसावं असं वाटतं. जब्याला जीन्सची पँट घालून दिसावं असं वाटतं, आणि त्या पँटीसाठी तो सायकलवरून गारेगार विकायला निघतो. ती सायकल ट्रकखाली चिरडली जाते आणि पँट दुकानातच राहते. दोघांच्याही इच्छा वयाला साजेशा. एकाच्या इच्छेला फक्त धीर लागतो, दुसऱ्याच्या इच्छेला पैसे लागतात, कपडे लागतात, दुसऱ्या जातीचं एखादं आडनाव लागतं.

म्हणूनच ‘फँड्री’तलं पाहणं ‘शाळा’तल्या पाहण्याच्या उलट दिशेने जातं. जब्या शालूकडे पाहतो, तिने मात्र आपल्याला पाहू नये म्हणून धडपडतो. निदान आपलं घर, आपलं काम, डुकरांच्या मागे धावणारा आपला बाप तिने पाहू नये. जत्रेचा प्रसंग याची पहिली मोठी खूण आहे. नवे कपडे घालून जब्या मिरवणुकीत बेभान नाचतो. त्या गर्दीत काही क्षण तो कुणाचाही मुलगा नसतो, फक्त नाचणारा पोरगा असतो. मग त्याचा बाप कचरू त्याला ओढून नेतो आणि त्याच्या डोक्यावर बत्ती देतो. मिरवणूक तीच, लोक तेच, उजेड मात्र आता त्याच्या डोक्यावर आहे आणि त्या उजेडात इतर नाचताहेत. नागराज इथे एकही शब्द खर्च करत नाहीत. जब्याचा चेहरा पुरेसा होतो.

कचरूच्या भूमिकेत किशोर कदम आहेत, कवितेच्या वाचकांना ‘सौमित्र’ म्हणून ठाऊक असलेले. त्यांचा कचरू मुलावर ओरडतो, मारतो, आणि तरी आपल्याला त्याचा राग येत नाही. मुलीचं लग्न तोंडावर आलंय, हुंड्याचे पैसे उभे करायचे आहेत, आणि गावातल्या वजनदार माणसाने डुकरं पकडायला सांगितलं तर नाही म्हणण्याची सोय नाही. खांदे पाडून, नजर खाली ठेवून किशोर कदम ज्या पद्धतीने ‘हो’ म्हणतात त्यात कचरूचं सगळं आयुष्य सामावलेलं आहे. मुलाला जे लपवायचंय ते बापाला उजेडात करावं लागतं. या चित्रपटातला सर्वांत खोल ताण हा आहे, प्रेमाचा ताण त्याच्या पोटात येतो.

आणि मग ते दृश्य, ज्याच्यासाठी ही जोडी लावायची. माने कुटुंब शाळेच्या परिसरात डुकराचा पाठलाग करतंय. जब्या भिंतीआड लपतो, कारण शाळेची वेळ झाली आहे. हळूहळू मुलं जमतात, मग मोठेही. पाठलागाचा खेळ होतो, बघणाऱ्यांची गॅलरी होते, मोबाइल बाहेर निघतात. शालूही त्या बघणाऱ्यांत आहे. अगदी हाताशी आलेलं डुक्कर पकडणार, तोच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात, आणि डुक्कर निघून जातं. राष्ट्रगीताला सर्वांत आधी मान देतो तो हा मुलगा, आणि त्याच्या बदल्यात त्याची फजिती काही मिनिटांनी लांबते. पुढे डुक्कर सापडतं. काठीला टांगलेलं ते ओझं घेऊन माणसं शाळेच्या भिंतीजवळून जातात. त्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं रंगवलेली आहेत. आधी याच शाळेच्या वर्गात चोखोबांचा अभंग शिकवलेला आपण पाहिला आहे. कॅमेरा घाई करत नाही, बोट दाखवत नाही. भिंत आणि ओझं एकाच चौकटीत राहू देतो.

‘शाळा’ नुकताच पाहिलेला असेल तर इथे एक गोष्ट लख्ख कळते. मुकुंदची गोष्ट शाळेच्या आत घडत होती, वर्ग त्याचा होता. जब्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग शाळेला लागून, पण तिच्या बाहेर घडतो, आणि त्याचे वर्गमित्र प्रेक्षक होऊन बसलेले असतात. दोन तासांपूर्वी आपण ज्या बाकावर बसून कोवळं हसू अनुभवत होतो, तो बाक या बघ्यांच्या रांगेत आहे.

टोमणे सहन न होऊन जब्या दगड भिरकावतो. शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. या शेवटावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दगड समाजाला मारलेला आहे, प्रेक्षकाला मारलेला आहे, असं म्हटलं जातं आणि ते खरंही आहे. पण ‘प्रेक्षक’ हा शब्द ढोबळ आहे, त्यात कुणीही लपू शकतं. ‘शाळा’नंतर लागलीच पाहिलेला ‘फँड्री’ ती आड राहण्याची सोय काढून घेतो. दगड येतो तेव्हा आपण त्याच संध्याकाळी आपली नववी आठवून हळवी झालेली नेमकी व्यक्ती असतो. आपल्या त्या वर्गात मागच्या बाकावर कोण बसायचं, अमुक मुलगा वारंवार गैरहजर का असायचा, त्याच्या घरी काय काम चालायचं, हे प्रश्न दगडाबरोबर येतात. क्रम उलटा केला तर आधी दगड, मग कोवळा उजेड, असं होईल. दगडाचा घाव त्या उजेडात विरून जाईल आणि आपण सुखाने झोपू.

यावर कुणी म्हणेल की ही जोडी ‘शाळा’वर अन्याय करते, एका सुंदर चित्रपटाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते. मला तसं वाटत नाही. ‘फँड्री’ पाहून झाल्यावर ‘शाळा’कडे वळून पाहिलं तर तो खोटा ठरत नाही, उलट मौल्यवान होतो. जब्याला काय मिळालं नाही हे सांगायला आपल्याला दुसरा चित्रपटच लागतो. मिळालं नाही ते हे: चोरून पाहण्याची मुभा, पाहिलं जाण्याचं सुख, बसायला एक अर्धवट इमारत, ऐकून घेणारा मामा, आणि अपयश आलं तर ते फक्त आपलं असण्याची सवलत. शिरोडकर गेली तेव्हा मुकुंदचं मन मोडलं. त्या मोडण्यात त्याच्या घराची, बापाची, जातीची नाचक्की नव्हती. मन मोडण्याचा हा अधिकारही सगळ्यांना सारखा मिळालेला नाही, हे एकट्या ‘शाळा’तून कळलं नसतं आणि एकट्या ‘फँड्री’तून इतकं स्पष्ट झालं नसतं. शिवाय ‘शाळा’तली आणीबाणीही आता वेगळी ऐकू येते. मुकुंदच्या जगात भीती राज्यकर्त्यांच्या निर्णयाने काही काळासाठी आली होती. जब्याच्या जगात ती कुणी जाहीर केली नाही, म्हणून कुणी मागेही घेणार नाही.

ही जोडी घरी पाहाच, पण त्याहीपेक्षा ती शाळांमध्ये दाखवली जावी असं मनापासून वाटतं. नववी-दहावीच्या मुलांना, एका शनिवारी, मध्ये डबा खायला सुट्टी देऊन. दोन्ही चित्रपटांची भाषा त्यांची आहे, वय त्यांचं आहे, आणि त्यांना त्यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही. शिक्षकांनी शेवटी एकच प्रश्न विचारावा: तुमच्या वर्गातल्या कुणाला ‘शाळा’ आपली वाटली आणि कुणाला ‘फँड्री’? उत्तरं देताना मुलं एकमेकांकडे पाहतील. त्या पाहण्यात जर कुणालाही लपावंसं वाटलं नाही, तर तो वर्ग या दोन्ही चित्रपटांच्या पुढे गेला असं समजावं. वाटलंच, तर कामाला कुठून लागायचं ते शिक्षकांना तिथेच कळेल.