‘कॅरीज वॉर’ : एका शहाण्या मुलीचा अपराधभाव

१ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनमध्ये मुलांना शहरांतून हलवण्यास सुरुवात झाली. पहिल्या तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख माणसे हलवली गेली. त्यांत आठ लाखांहून अधिक शाळकरी मुले आईबापांवाचून होती. अंगावर नावाची चिठ्ठी आणि सोबत विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा. सी. एस. लुईस यांच्या १९५०च्या नार्नियाकथेत चार भावंडे अशीच लंडनबाहेर पाठवली जातात, पण लेखक ते एका वाक्यात उरकून पुढे जातो. नीना बॉडेन मात्र ‘कॅरीज वॉर’ (१९७३) या कादंबरीत तिथेच थांबतात. त्या स्वतः युद्धकाळात वेल्समध्ये पाठवलेल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या.

कॅरी आणि धाकटा निक हे किराणा दुकानदार इव्हान्सच्या घरी राहतात. जिन्यावरचा गालिचा झिजेल म्हणून त्यांच्या पावलांवरही पहारा असतो. निक भांडतो, धमकावतो आणि मोकळा होतो. कॅरी सर्वांची मर्जी सांभाळते. वर्गातल्या अशा मुलीला आम्ही शिक्षक ‘शहाणी’ म्हणतो आणि तिच्याकडे पाहायचे विसरतो.

दरीतल्या जुन्या घरात हेप्झिबा त्यांना माया लावते. त्या घरात एक कवटी आहे. ती बाहेर गेली तर घराचा नाश होईल, अशी दंतकथा. रागाच्या भरात कॅरी ती तळ्यात फेकते. गाव सोडताना आगगाडीतून तिला ते घर जळताना दिसते. ही आपलीच खता, असे ती धरून चालते. पत्र लिहून विचारण्याचीही हिंमत तिला होत नाही.

हा योगायोग ओढूनताणून आणलेला आहे, असे कुणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. घर का सुटले, याचे कारण नीट न कळलेले मूल स्वतःलाच कारण ठरवते. अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी युद्धकाळात लंडनच्या बालगृहांत पाहिले होते, की लहानग्यांना बॉम्बपेक्षा आईपासून तुटणे जड जाते. बी.एड.ला हा विषय आम्ही परीक्षेपुरता वाचला. समजला तो कॅरीमुळे.

आमची तक्रार शेवटाबद्दल आहे. तीस वर्षांनी कॅरी विधवा होऊन, मुलांना घेऊन परतते. हेप्झिबा हयात आहे, हे आधी कळते ते मुलांना. कॅरीची आणि तिची भेट लेखिका दाखवतच नाही. दंतकथेला इतकी पाने दिली, मग त्या तीस वर्षांना का नाहीत? भित्री झालेली आई मुलांना कशी वाढवत होती, हे आम्हांला वाचायचे होते. तिच्या थोरल्या मुलाच्या नजरेतून त्याची थोडी झलक मिळते, तेवढीच.