वंशावळीत न मावणारे घर

मराठीत कुलवृत्तांत हा ग्रंथप्रकार मुख्यतः निवृत्त माणसांनी उभा केला आहे. बँकेतून, रेल्वेतून, शाळेतून किंवा सरकारी कचेरीतून मोकळा झालेला गृहस्थ साठीनंतर आडनावबंधूंचे पत्ते जमवू लागतो, माहितीचे तक्ते पाठवतो, मूळ गावी चकरा मारतो, आणि काही वर्षांनी कुलसंमेलनात जाडजूड ग्रंथाचे प्रकाशन होते. गोखले, बापट, लिमये, परांजपे अशा कितीतरी घराण्यांची ही पुस्तके आहेत. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या सदनिकांत ती जपून ठेवलेली असतात. या कामाला ना अनुदान मिळते ना मदतनीस. त्यामागच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हा प्रकार आज जिथे अडला आहे ते स्पष्ट बोलायला हवे.

त्याची बांधणी ठरून गेली आहे. गोत्र, कुलदैवत, मूळपुरुष, मग शाखा आणि पिढ्यांचे क्रमांक. प्रत्येक पुरुषाच्या नावाखाली जन्म, शिक्षण, हुद्दा, पत्नीचे माहेरचे नाव, मुले. नोंद म्हणून हे चोख असते, पण चरित्र म्हणून पोकळ राहते. माणूस गाव सोडून मुंबईला का आला, याचे उत्तर बहुधा ‘नोकरीनिमित्त’ या एका शब्दात उरकलेले असते. कर्ज, भाऊबंदकी, प्लेगची साथ, विधवा आईचे हाल, हे सगळे त्या शब्दाखाली गाडले जाते. पदवी आणि पगाराच्या जागा तेवढ्या ठसठशीत छापल्या जातात. बायका तर येतात आणि नाव बदलून गप्प होतात. मुलींची शाखा लग्नाशी तुटते.

हे असेच व्हायला हवे होते असे नाही. नवी मुंबईपासून फार लांब नसलेल्या पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. पुढे कितीतरी वर्षांनी, उतारवयात, चिं. वि. वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी तो प्रवास लिहून काढला. ‘माझा प्रवास’ छापून आले ते १९०७ साली. आज ते बंडाचा साक्षीदार वृत्तांत म्हणून वाचले जाते, पण त्या साऱ्या प्रवासामागे कोकणातल्या एका भिक्षुक कुटुंबाची चणचण उभी आहे, आणि गोडसे ती लपवत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. सासर, माहेर, नवऱ्याचे धर्मांतर, त्यातून झालेली ताटातूट, सगळे त्यांनी उघड्यावर मांडले. कुलवृत्तांतकारांनी ही पुस्तके वाचली नव्हती असे नाही. आपल्या घराला ती पद्धत लावण्याचे धैर्य झाले नाही, इतकेच.

साधनांची तर कधीच वाण नव्हती. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आपल्या पणजोबांची सही किंवा अंगठा आजही मिळू शकतो. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगत आले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्या परंपरेतून घराण्यांना आपल्या कागदांची किंमत कळली. पण कागद म्हणजे सनद, इनाम, वतन अशी समजूतही तिथूनच पक्की झाली. ज्याच्या घरी सनद नाही त्याच्या घरी इतिहास नाही, हा त्या समजुतीचा पुढचा भाग. तो कोणी बोलून दाखवला नाही, पण पाळला सगळ्यांनी.

नवी मुंबईत ही समजूत टिकत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. आगरी, कोळी, कराडी कुटुंबांची भातशेती, मिठागरे, खाजणे गेली. या गावांत आज सत्तरीत असलेल्या कोणाच्याही घरी एक फाईल असते. संपादित जमिनीच्या बदल्यात भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेतल्या भूखंडासाठी, भरपाईसाठी, दाखल्यासाठी ती वर्षानुवर्षे फुगत गेलेली असते. तिच्यात सातबाऱ्याचे जुने उतारे, फेरफार, निवाड्याची नक्कल, वारस दाखला, शपथेवर दिलेली वंशावळ, हक्कसोड पत्र असे सगळे सापडते. माझ्या मते आजच्या मराठीतला सर्वांत श्रीमंत, आणि अजून न लिहिलेला, कुलवृत्तांत या फायलींत आहे.

एकच फेरफार नीट वाचून पाहावा. खोताच्या जमिनीवर कूळ म्हणून राबणाऱ्याचे नाव आधी इतर हक्कांत दिसते. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे अलिबाग तालुक्यातल्या चरी व आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायचे नाकारले. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. मग कुळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, त्यानंतर ‘३२ ग’ खाली किंमत ठरल्याची नोंद. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन अखेर नावावर लागली. आणि ज्याच्या नावावर ती लागली त्याच्याच हयातीत संपादनाची नोटीस आली. एका शेतकऱ्याच्या मालकीचा काळ जेमतेम पंधरा-वीस वर्षांचा. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली माणसे संपादनाविरुद्ध जिवावर उदार होऊन रस्त्यावर का उतरली, गोळीबारात पाच जण का गेले, हे या नोंदींच्या तारखा एकाखाली एक ठेवल्या की समजते. आंदोलनाच्या इतिहासात हे कारण सूत्ररूपाने येते. कुटुंबाच्या इतिहासात ते अमुक आजोबा, अमुक खाचर, अमुक साल असे येईल.

हक्कसोड पत्राकडे मात्र मी पुन्हा पुन्हा वळेन. कुलवृत्तांतातून गळलेल्या बहिणी इथे भेटतात, सासरच्या आडनावासह, वयासह, गावासह, अंगठ्यासह. भावांच्या लाभात हक्क सोडल्याचे त्या लिहून देतात. त्यांनी तो राजीखुशीने सोडला का? माहेर तुटू नये म्हणून सोडला का? भूखंडाची किंमत त्यांना कोणी सांगितली होती का? कागद फक्त स्वखुशी म्हणतो. त्या आत्या हयात असतील तर लेखकाने त्यांच्याकडे जाऊन बसले पाहिजे, आणि त्या जे सांगतील ते भावांना न आवडले तरी पुस्तकात आले पाहिजे. घराण्याच्या इतिहासाची कसोटी मला इथे दिसते. कुलमंडळाच्या समितीला ती झेपत नाही. एकट्या, निर्भय लेखकाला झेपू शकते.

तसा लेखक कुठून येणार, असे विचारणाऱ्यांना दामोदर रुंजाजी जाधव यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या ओझरचे, शिक्षण नावापुरते, मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये कामगार. निवृत्तीनंतर मुलाच्या, नरेंद्र जाधवांच्या, आग्रहावरून ते आपल्या आठवणी लिहू लागले. त्या लेखनातून १९९३ साली ‘आमचा बाप आन् आम्ही’ झाले, आणि दलित कुटुंबाचा हा इतिहास पुढे अनेक भाषांत गेला. त्यात मूळपुरुष शोधायची घाई नाही. बाप कसा वागला, आई कशी लढली, बोली कशी होती, याला महत्त्व आहे. तुर्भ्याच्या बाजारसमितीत आयुष्यभर पाठीवर ओझी वाहून कोपरखैरणे, घणसोलीत स्थिरावलेले सातारा-सांगलीकडचे निवृत्त माथाडी हे नक्कीच करू शकतात. टोळी, मुकादम, मशीद बंदरची जुनी पेठ, गावाकडे जाणारी मनिऑर्डर, सगळे त्यांच्या तोंडात आहे. विचारणारा नातू हवा.

गेल्या दोन-तीन वर्षांत जुन्या कागदांची ओढ अचानक वाढली. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी महाराष्ट्रभर मोडीतले दप्तर उघडले गेले. जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, शाळेचे जनरल रजिस्टर, महसुली दप्तर, हे शब्द घराघरांत आले. मोडी वाचणाऱ्यांना मान आला, तो चांगलाच. पण शोध जातीच्या दाखल्यापुरता असला की हवी ती ओळ सापडताच वही मिटते. त्याच पानावर त्याच वर्षी गेलेली चार लेकरे असतात, शेजारच्या घराची नोंद असते, गावात आलेल्या साथीची चाहूल असते. ती पाने वाचायला वेळ लागतो, आणि साठीनंतरच्या माणसाकडे तो असतो. ठाणे जिल्ह्यातले बरेच जुने अभिलेख आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात. रायगडचे जुने कागद शोधताना मात्र १९८१ पूर्वीच्या दप्तरावर कुलाबा जिल्हा असे नाव असेल, हे ध्यानात ठेवावे.

नवी मुंबई विमानतळासाठी उठलेल्या १० गावांचे काम सर्वांत तातडीचे आहे. उलवे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, गणेशपुरी, वाघिवली ही त्यांतली काही. तिथली टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला, आणि विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. या गावांच्या वंशावळी पुनर्वसनाच्या कागदांत आहेत; घरांच्या जागा नाहीत. कोणाचे अंगण कोणाच्या पडवीला लागून होते, होळी कुठे लागायची, खाडीतून होडी कुठे लागे, लग्नात धवले गाणारी धवलारीण कोणत्या घरची असे, हे सांगणारी माणसे आता पनवेल परिसरातल्या नव्या वसाहतींत राहतात आणि त्यांतली बरीच ऐंशीकडे झुकली आहेत. तिथल्या शिकलेल्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षकांनी आणि तलाठ्यांनी आधी एका गावाचा घरवार नकाशा काढावा. प्रत्येक घरातल्या सर्वांत वयस्क बाईला त्यावर बोट ठेवायला सांगावे, आणि ती बोलू लागली की तिच्याच बोलीत लिहून घ्यावे.