‘स्मृतिचित्रे’ आणि आत्मिक वाढ

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाची थोरवी मराठी समीक्षेने कधी नाकारली नाही. मात्र ती मान्य करताना तिने बहुधा ग्रंथातील विनोद, अकृत्रिम भाषा आणि संसारचित्रण यांचाच गौरव केला. लेखिकेच्या ख्रिस्ती श्रद्धेचा चरित्रातील एक टप्पा म्हणून उल्लेख करावा आणि पुढे जावे, असा जणू संकेतच पडून गेला आहे. या संकेतामुळे ग्रंथाचा गाभाच दृष्टीआड होतो. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ एका मनाच्या आत्मिक वाढीची कथा आहे; आणि ज्या प्रसंगांना आपण हसतो, नेमकी त्यांतच ती वाढ घडत असते.

धर्मांतराला तारीख असते, वाढीला ती नसते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या वर्षांत प्रथम वियोग आहे आणि नंतर एकाच घरात दोन आचार आहेत. पती ख्रिस्ती झालेला, पत्नीचे सोवळे मात्र अभंग. पुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय लक्ष्मीबाई करतात तो बाप्तिस्म्याच्या आधी, आणि कोणा उपदेशकाच्या सांगण्यावरून नव्हे. माणसामाणसांतील भेद देवाने केले की माणसाने, या साध्या प्रश्नाचा छडा त्यांनी स्वतःच लावला. श्रद्धेचा उच्चार नंतर आला. तिचे फळ आधी दिसले.

हे सोवळे किती खोल रुजलेले होते हे समजण्यासाठी दुसऱ्या एका आत्मकथनाकडे वळावे लागते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वावटळीत सापडले. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, शहर घेतले आणि लुटले, तेव्हा ते तेथेच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. मराठी वाचकाच्या मनातील झाशी पुष्कळ अंशी या पुस्तकातून घडलेली आहे. डोळ्यांदेखत राज्य बुडाले, सर्वस्व नागवले गेले, तरी या भिक्षुकाच्या मनातील शुचितेची व्यवस्था ढळली नाही. आईबापांना स्नान घालण्यासाठी त्याने गंगोदकाची कावड घरापर्यंत आणली. या निष्ठेत एक भव्यता आहे, हे कोणीही सहृदय वाचक मान्य करील. पण शेकडो कोसांचा प्रवास करूनही निवेदक मनाने निघाला होता तेथेच परत येतो.

लक्ष्मीबाईंच्या घरावरही सत्तावन्नचीच सावली आहे. त्या प्रकरणात त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या आघातानंतर वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड जडले. त्यांच्या सोवळ्याच्या तऱ्हा वाचताना हसू आवरत नाही. परंतु त्या हास्याच्या तळाशी भय आहे. जगात काहीच हाती उरले नाही, निदान स्पर्श तरी आपल्या ताब्यात राहावा, अशी ती केविलवाणी धडपड आहे. या भयात वाढलेली मुलगी पुढे निर्भय होते, हाच या ग्रंथाचा खरा प्रवास. विनोद हे त्या निर्भयतेचे लक्षण होय. ज्याला आपण भ्यालो होतो त्याला हसता येणे, ही परिपक्वतेची खूण नव्हे तर काय?

दुसऱ्याला वाढू देणे म्हणजे काय, याचाही विचार या ग्रंथात आहे. टिळक उतावळे, भाबडे, लहरी होते. लक्ष्मीबाई ते लपवीत नाहीत. तरीही पत्नी परत आल्यावर तिचा वेगळा आचार त्यांनी चालू दिला, हे त्यांचे मोठे साहाय्य. तोच वारसा लक्ष्मीबाईंनी चालविला. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी पुत्रवत राहिले आणि हिंदूच राहिले. १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला, तेव्हा त्यातही बाप्तिस्मा न घेतलेल्यांना स्थान होते. १९१९ साली टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्यांना नीटसे शिक्षण कधी लाभले नव्हते अशा लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. शिष्येने गुरूचे कार्य स्वतःच्या वाणीने पुढे न्यावे, याहून वाढीचा दुसरा पुरावा कोणता मागावा?

ग्रंथाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ख्रिस्ताविषयीच्या चिंतनाला, प्रार्थनेतील एकांताला येथे फारसा अवकाश नाही. भक्तिपर वाङ्मयाची अपेक्षा धरणाऱ्या ख्रिस्ती वाचकाला ही उणीव जाणवेल. इतर वाचकांना मात्र ती सोयीची वाटली, आणि श्रद्धा वगळून ग्रंथाचा आस्वाद घेता येतो असा समज बळावला. तो समज टिकणारा नाही. स्वयंपाकघर, पाण्याचा तांब्या, दुसऱ्याचे मूल, अपुरे हस्तलिखित यांखेरीज ज्या श्रद्धेला वेगळी भाषा नको होती, तिला वगळले तर ‘स्मृतिचित्रे’त मजेदार प्रसंग उरतील, ते सांगणारी लक्ष्मीबाई मात्र उरणार नाही.